बुडूक ईस हजार

उजवा खांदा अजून धरलेला आहे. शनिवारी पहाटे ठाणे स्टेशनच्या पुलावरून मी एक फणस वाहिला. बारा किलोचा तरी असेल. फणस आमचा नव्हता. फणसवाले आजोबाही आमचे कोणी नव्हते. आमची होती ती फक्त ईरा, वय 15, आणि त्या क्षणी ती मला ओळख दाखवायला तयार नव्हती.

ईरा दहा दिवस मालवणला शिबिरात होती. सकाळी शिडाची होडी, दुपारी स्कुबा. आठवडाभर एक अक्षर कळवलं नाही. शेवटच्या तीन दिवसांत मात्र पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपला भरती आली. ‘आज तिसरा डाइव्ह.’ ‘उद्या चौथा आणि शेवटचा, 12 मीटर.’ 12 मीटर म्हणजे चौथ्या मजल्यावरून खाली पाहिल्यासारखं, वर सगळं पाणी. रात्री वाचत बसलो. 10 मीटरवर दाब दुप्पट होतो म्हणे. टाकीत हवा साधारण 200 बार दाबाने भरलेली असते आणि 50 बार उरले की वर आलेलं असायचं. हे वाचल्यावर झोप कुणाला लागणार? ग्रुपवर येईल त्या निरोपाखाली मी अंगठा टाकत गेलो, आपलं ‘छान, छान’ म्हणून.

वास्तविक मी बंदरावरचाच माणूस. घोडबंदर रोडला पंधरा वर्षं झाली. एके काळी इथे घोडे उतरायचे म्हणतात, आता आम्ही रिक्षातून उतरतो, तेही रिक्षावाला यायला तयार झाला तर. फ्लॅट घेताना माहितीपत्रकात ‘खाडीचं दर्शन’ असं छापलं होतं. ते खोटं नव्हतं. गॅलरीत डावीकडे अर्धं अंग बाहेर काढलं की होतं दर्शन. बाकी माझा दर्यावर्दी अनुभव म्हणजे तलावपाळीची पायडलची होडी. त्यातही पायडल मी मारले, बायको मक्याचं कणीस खात होती.

तर पहाटे साडेचारला फलाटावर. बाकावर शेजारी एक आजोबा. पांढरा लेंगा, डोक्याला मफलर. मे महिन्यात मफलर.

“कोण येतला तुमचा?”

मी म्हटलं, मुलगी. मालवणला गेली होती.

मालवण म्हटल्यावर आजोबा अर्धा बाक सरकून जवळ आले. “खयच्या वाडीत?”

“वाडीत नाही हो. स्कुबा शिकायला. पाठीला हवेची टाकी लावून समुद्रात खाली जातात.”

“खाली जावन काय हाडतत? कालवां?”

“काही आणत नाहीत. मासे बघतात.”

“बघतत? धरनत नाय?”

“हात लावायचा नसतो. नियम आहे.”

आजोबांनी मफलर सोडला, पुन्हा बांधला. “म्हणजे बुडायचा, मासो बघूचो, आणि हात हलवत वर येवचा.”

याला काय उत्तर देणार! इतकं नेमकं वर्णन शिबिराच्या माहितीपत्रकातही नव्हतं.

“आणि पैशे कोण कोणाक देता?”

हा प्रश्न त्यांनी इतक्या निर्मळ मनाने विचारला की क्षणभर मलाही वाटलं, खरंच, कोण कोणाला देतं? आम्हीच देतो, असं सांगितलं. “कितके?” खरा आकडा 32 हजार होता, मास्क आणि पायातले पंख वेगळे. पण पहाटेच्या वेळी माणसाला थोडी अब्रू हवी असते. मी 20 म्हणालो.

“ईस हजार!” आजोबा पलीकडच्या बाकाकडे वळले. तिथे एक कुटुंब पिशव्यांवर डोकी टेकून पेंगत होतं. “आयकलात? बुडूक ईस हजार!” कुटुंब जागं झालं. त्यातल्या बाईंनी माझ्याकडे, फसवलं गेलेल्या माणसाकडे बघतात तसं पाहिलं. “माका आवशीन फुकट बुडवल्यान. कमरेक भोपळो बांधल्यान आणि बावडीत ढकलून दिल्यान. टाकी नाय, काय नाय!”

तेवढ्यात गाडी आली म्हणून सुटलो.

दारात ईरा दिसली. नाकाची सालं निघालेली, केसांची सुंभाची दोरी झालेली. मी लांबूनच अंगठा उंचावला. तिने मान फिरवली. मग मैत्रिणींना मिठ्या, रडारड, पुन्हा मिठ्या. दहा दिवसांची ओळख! माझ्या वाट्याला तिची बॅग आली, चिंब ओली, आणि वास असा की फलाटावरचं कुत्रं आशेने मागे आलं.

शेजारच्या डब्यातून आजोबांच्या भाच्याने दोन आंब्याच्या पेट्या आणि गोणीत घातलेला फणस खाली दिला. तो पुढे दादरला जाणार होता. गोणीची सुतळी तुटली. मी “अरे अरे” म्हणेपर्यंत ईरा तिथे पोचली होती. खिशातून दोरीचा तुकडा काढला, एक फास, खालून वर, मागून वळसा, ओढ. तीन सेकंद. आजोबांनी गाठ ओढून पाहिली. सरकेना.

“ही गाठ खयसून शिकलस गो?”

“होडीवर, आजोबा. बोलाइन.”

“कसली बोलाइन! आमच्या होडयेची गाठ ही!” मग माझ्याकडे वळून, “ईस हजार वसूल!”

“वीस कुठे? बत्तीस ना, बाबा?” ईरा म्हणाली.

आजोबा काही बोलले नाहीत. नुसतं बघितलं. मग गोणी उचलून माझ्या खांद्यावर ठेवली, एक पेटी स्वतः घेतली, दुसरी तिने घेतली, आणि दोघं वाऱ्याच्या दिशा आणि शिडं यावर बोलत पुलाकडे निघाले. मी मागून. एका खांद्यावर फणस, दुसऱ्यावर अर्धा अरबी समुद्र. रिक्षांच्या रांगेपाशी त्यांनी तिला सहा हापूस दिले. मला म्हणाले, “ठेवा आता खाली.”

रिक्षात ती पहिलं वाक्य बोलली ते असं : “बाबा, पाण्याखाली अंगठा वर म्हणजे ठीक नसतं. अंगठा म्हणजे वर चला. सगळे हसत होते. सर म्हणाले, ईराच्या बाबांनी तीन दिवसांत आपल्याला एकवीस वेळा वर बोलावलं.”

मग बोलावलंच होतं! त्यात हसण्यासारखं काय आहे?

घरी आल्यावर कळलं की मास्क, पंख, पोहायचे कपडे, सगळं खारट असतं, ते लगेच गोड्या पाण्यात भिजवायचं. आमच्याकडे पाणी सात ते आठ. टँकरचे पैसे देखभाल खर्चात वेगळे, त्याची मीटिंगमध्ये चौकशी केली की सेक्रेटरींना फोन येतो. मालवणहून आलेल्या दोन रबरी पंखांनी मोठं टब घेतलं, मास्कने बादली. ईरा आंघोळ करून झोपली. बायकोने भांडी उरकली. माझा नंबर आठला पाच कमी असताना.

डोक्याला साबण लागला आणि नळाने ‘फुस्स’ केलं.

डोळे मिटून हाका मारल्या. बराच वेळ काही नाही. मग दारावर टकटक, आणि झोपाळलेला आवाज :

“बाबा, किती बार उरलेत?”