इंग्रजी अनेकवचनाला नियम नाही, हे खरे नव्हे

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील पालकांमध्ये एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. बॉक्सचे बॉक्सेस होते पण ऑक्सचे ऑक्सन, हाउसचे हाउसेस पण माउसचे माइस. म्हणजे इंग्रजीत अनेकवचनाला नियमच नाही, अपवादच जास्त, सगळे पाठ करावे लागते आणि मराठी शाळेतल्या मुलाला ते जमत नाही, असा त्याचा आशय आहे. यातले एकही विधान टिकणारे नाही.

नियम आहे. अमेरिकी भाषा-संशोधक जीन बर्को यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चार ते सात वर्षांच्या इंग्रजीभाषक मुलांना एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवून ‘हा वग’ असे सांगितले आणि मग तसे दोन प्राणी दाखवून वाक्य पुरे करायला लावले, तेव्हा बहुतेकांनी ‘वग्ज’ असे उत्तर दिले. जो शब्द त्या मुलांनी आधी कधी ऐकलाच नव्हता, त्याचे अनेकवचन त्यांनी पाठ केलेले असणे शक्य नाही.

हा नियम उच्चारावर चालतो, आणि आपल्याकडे तो स्पेलिंगपुरताच शिकवला जातो याची मला खंत वाटते. मुलाला गळ्यावर बोटे ठेवून ‘बुक’ आणि ‘बॅग’ म्हणायला सांगावे. ‘बुक’मधल्या शेवटच्या क्‌ला कंप नाही, म्हणून पुढे स लागतो, ‘बॅग’मधल्या ग्‌ला कंप आहे, म्हणून तोच प्रत्यय ‘खडेबाजार’मधल्या ज-सारखा होतो. बस, मॅच, जज यांच्यापुढे मात्र मध्ये स्वर घेतल्याखेरीज प्रत्यय उच्चारताच येत नाही, म्हणून बसेस, मॅचेस, जजेस.

अपवाद जास्त आहेत, हेही चूक. जोडशब्द सोडले तर स्वर बदलणारी रोजच्या वापरातली नामे सातच: मॅन, वुमन, फूट, टूथ, गूज, माउस, लाउस. फार पूर्वी यांच्या अनेकवचनी प्रत्ययात इ-सारखा ध्वनी होता. त्याने आधीचा स्वर बदलला आणि प्रत्यय स्वतः गळून गेला. हाउस ज्या नामांच्या वर्गातले, त्यात तो ध्वनी नव्हता. जुन्या इंग्रजीत त्याचे अनेकवचन एकवचनासारखेच होते, नेहमीचा प्रत्यय त्याला नंतर लागला. ऑक्सन हा तर एका वेगळ्याच जुन्या वर्गाचा अवशेष आहे.

राहिले मराठी शाळेतले मूल. भिंतीचे अनेकवचन भिंती पण विटेचे विटा, आंब्याचे आंबे पण लाडवाचे लाडूच, हे ते न शिकवता बोलते. बॅगेच्या बॅगा आणि फाईलच्या फायलीही करते. शेजारी कन्नड ऐकून हुडुगाचे (मुलगा) हुडुगरु आणि मनेचे (घर) मनेगळु, म्हणजे माणसांना एक प्रत्यय आणि वस्तूंना दुसरा, हेही त्याच्या कानावर असते. ते अडते ते ‘टू पेन’ म्हणताना, कारण मराठीत ‘दोन पेन’ सहज चालते आणि कन्नडमध्येही वस्तूच्या आधी संख्या आली की प्रत्यय बहुधा गळतो. त्यासाठी अपवादांची यादी घोकवण्यापेक्षा ‘वन पेन, टू पेन्स’ अशा जोड्या त्याच्याकडून मोठ्याने म्हणवून घ्याव्यात.