विंगेतली टाळी

काल रात्री पुतण्याने 'द एक्झॉर्सिस्ट' हा जुना हॉलिवूडचा भयपट लावला. २५ वर्षांचा घोडा, रोज मोबाईलवर काय काय बघत असतो, पण अर्ध्यात उठून हॉलमधला दिवा लावून आला. मग म्हणाला, "काकू, ती आई काय ओरडलीय गं! खरंच वाटतं." मला राहवलं नाही. म्हटलं, "अरे, खरंच ओरडलीय ती."

ज्यांनी पाहिलाय त्यांना तो सीन आठवेल. झपाटलेली मुलगी आईच्या थोबाडीत मारते आणि आई मागे फेकली जाते. आईचं काम करणाऱ्या एलेन बर्स्टिनच्या अंगावर कपड्यांच्या आत पट्टा बांधला होता आणि मागून स्टंटवाला दोरी ओढायचा. एका टेकनंतर तिने दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिनला सांगितलं होतं की हा फार जोरात ओढतोय, मला लागेल. खरं दिसायला हवं, असं उत्तर मिळालं. पुढच्या टेकला ती माकडहाडावर आपटली. जीव खाऊन किंचाळली. आणि कॅमेरा थांबायच्या ऐवजी तिच्या चेहऱ्याजवळ गेला. हे तिनेच पुढे मुलाखतींमधून सांगितलंय, आणि सर्वांत जास्त राग तिला त्या कॅमेऱ्याचा आला होता. सिनेमात तोच टेक आहे. गेली ५० वर्षं आपण तो बघतोय आणि वाहवा करतोय.

मुलगी झालेली लिंडा ब्लेअर शूटिंग सुरू झालं तेव्हा १३ वर्षांची होती. गदागदा हलणाऱ्या पलंगाच्या यंत्राला तिची पाठ बांधलेली असायची. एकदा बांधणी सैल झाली आणि पाठ त्यावर आपटत राहिली. ती रडून थांबवा म्हणत होती, आणि सेटवरच्यांना वाटलं, काय काम करतेय पोरगी! तोंडातून वाफ दिसावी म्हणून खोली शून्याच्या खाली गार केलेली. युनिट जाडजूड कोटांत आणि ही रात्रीच्या गाऊनमध्ये. आता मला सांगा, १३ वर्षांच्या पोरीची संमती म्हणजे काय? हो म्हणाली असेलही. त्या वयात मोठ्यांना कोण नाही म्हणतं?

फ्रीडकिन नट दचकावेत म्हणून सेटवर बंदुकीचे बार काढायचा. धर्मगुरूच्या भूमिकेतला एक माणूस खऱ्या आयुष्यातही धर्मगुरू होता. त्याचा हात थरथरायला हवा म्हणून टेकच्या आधी त्याच्या कानाखाली वाजवली. असे किस्से आपल्याकडेही 'झपाटलेला दिग्दर्शक' म्हणून कौतुकाने सांगितले जातात. मला तो शब्दच नकोसा वाटतो. झपाटलेला हा, आणि अंगावर वळ दुसऱ्याच्या!

मर्सिडीज मॅकेम्ब्रिजबद्दल तर फार कमी लोकांना माहीत असतं. सैतानाचा घोगरा आवाज तिचा. ऑस्कर मिळालेली नटी, आणि दारूच्या व्यसनातून मोठ्या कष्टाने बाहेर आलेली. त्या आवाजासाठी तिने कच्ची अंडी गिळली, सिगारेटी ओढल्या आणि पुन्हा व्हिस्की प्यायली. खुर्चीला स्वतःला बांधून घेतलं. सिनेमा लागला तेव्हा श्रेयनामावलीत तिचं नाव नव्हतं, ते तिला भांडून मिळवावं लागलं. आणि त्या सिनेमाला मिळालेल्या दोन ऑस्करपैकी एक ध्वनीसाठी होतं.

कुणी म्हणेल, एवढं केलं म्हणून तर एवढा भीतिदायक झाला. मला हे अजिबात पटत नाही. या सिनेमातला सगळ्यात गाजलेला क्षण कोणता? मुलीची मान गर्रकन मागे फिरते तो. ती फिरणारी मुलगी बाहुली आहे. मान मोडल्याचा तो कडकड आवाज चामड्याच्या जुन्या पाकिटाचा. ध्वनीवाल्याने ते माइकसमोर पिळलं, बस्स. आणि तो म्हातारा धर्मगुरू, मॅक्स फॉन सिडो, तेव्हा चाळिशीतला होता. रंगभूषाकार डिक स्मिथ तासन् तास बसून त्याला म्हातारा करायचा. कुणाचं हाड मोडलं नाही. पुतण्या दिवा लावायला उठला तो त्या मानेच्या वेळी, आईच्या किंचाळीला नाही.

हे सगळं इतकं लागतं त्याला कारण आहे. कॉलेजात आमच्या एकांकिकेत एक थप्पड होती. नाटकात थप्पड कशी मारतात, हे बॅकस्टेजवाल्यांना माहीत असतं. हात नाकासमोरून जातो, समोरची मान वळवते आणि नेमक्या त्याच क्षणी विंगेतून टाळी वाजते. ती टाळी माझी होती. तळवे जरा खोलगट ठेवायचे, म्हणजे आवाज भरीव येतो. महिनाभर तालमीत मी तेवढंच घोटवलं होतं. स्पर्धेच्या दिवशी आमचा दिग्दर्शक दादा विंगेत आला आणि म्हणाला, "आज तुझी टाळी नको. आज खरी मारणार. तिला सांगू नकोस."

मी नाही सांगितलं. माझी मैत्रीण होती ती, आणि मी नाही सांगितलं.

थप्पड बसली. तिचे डोळे भरून आले, एक वाक्य गेलं, पुढचं तिने कसंबसं धरलं. परीक्षक पहिल्या रांगेत होते, त्यांनी नंतर तिच्या डोळ्यांतल्या पाण्याचं फार कौतुक केलं. तिचा कान दोन दिवस वाजत होता. मी विंगेत हात मांडीवर ठेवून तशीच बसून राहिले.

प्रयोग संपल्यावर आमच्या वर्गातला एक मुलगा मागच्या रांगेतून धावत आला. मला म्हणाला, "काय गं, आज टाळी विसरलीस? थप्पड ऐकूच आली नाही."