नाळेच्या रक्तात ऑटिझम? त्या फॉरवर्डचं काय ते

“बाळाच्या नाळेच्या रक्तावरून ऑटिझम जन्मतःच कळतो. आईने गरोदरपणी मासळी खाल्ली की बाळाचं चयापचय बिघडतं. दूध-गहू तोडा, मूल बरं होतं.” गेल्या आठवड्यात मालवणातल्या आमच्या तीन ग्रुपवर हे फिरलं आणि शेजारच्या सुनेने दीड वर्षाच्या मुलाचं दूध त्याच दिवशी बंद केलं.

आधी रक्ताचं. नवजात बाळांच्या रक्तातली मेदाम्लं, अमिनो आम्लं मोजून पुढे त्यांच्यात ऑटिझमसारखी लक्षणं किती दिसतात, हे संशोधक ताडून बघतात, हे खरं. पण ते सरासरीचे कल असतात, एका बाळाचं निदान नव्हे. समजा अशी तपासणी निघालीच आणि ती दहात नऊदा बरोबर आली. शंभरात एकाला ऑटिझम धरला तर हजार बाळांत खरी 10, त्यांतली 9 सापडतील. उरलेल्या 990 पैकी 99 जणांवर मात्र खोटा शिक्का बसेल. म्हणजे 108 घरांत धसका, त्यातल्या 99 घरांत विनाकारण.

मासळीवर तर उगाच खापर. बांगडा-तारलीतलं ओमेगा-3 बाळाच्या मेंदूला लागतंच. पारा जास्त असतो म्हणून मोरीसारखे मोठे मासे तेवढे गरोदरपणी टाळावेत. ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा, हे जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसलंय.

आहाराच्या मुद्द्यात कणभर तथ्य आहे, पण ते दुसऱ्याच आजाराचं. फेनिलकीटोन्यूरिया या दुर्मिळ विकारात फेनिलअ‍ॅलॅनिन हे अमिनो आम्ल शरीरात साचतं. उपचार झाले नाहीत तर बुद्धीची वाढ खुंटते, काहींत ऑटिझमसारखी लक्षणंही दिसतात. तो टाचेला सुई टोचून कागदावर घेतलेल्या रक्ताच्या थेंबांवरून सापडतो आणि वेळीच सुरू केलेल्या पथ्याने आटोक्यात राहतो. ते पथ्य सरसकट सगळ्यांना लावायचं नसतं. दूध-गहू तोडून ऑटिझम बरा होतो, याला भक्कम पुरावा नाही.  

“काकी, हाक मारली तरी ह्यो वळणा नाय,” सून म्हणाली. तेवढ्यात पाववाल्याचा भोंगा वाजला आणि पोरगा दाराकडे धावला. म्हणजे ऐकू तरी येत असावं, नावाला मात्र प्रतिसाद नाही. बघायचं ते हे. बोट दाखवतो का, नजर देतो का, हे विचारणारी प्रश्नावली 18 आणि 24 महिन्यांना भरून घेतात. सोमवारी ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात जायचं ठरलंय. दूध कालच परत सुरू केलं.