कोहळा देऊन आवळा

माझी आधीची गाडी खोटारडी होती, आणि म्हणूनच मला ती आवडायची.

२०१७ सालची स्कोडा ऑक्टेव्हिया व्हीआरएस. बाहेरून पाहिलं तर बँकेच्या शाखाधिकाऱ्याची गाडी. चार दारं, राखाडी रंग, मागे ५९० लिटरची डिकी. गौरी-गणपतीला त्या डिकीत अख्खं मखर, नारळाचं पोतं आणि वर आत्याची बॅग बसायची. आत मात्र दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन आणि २३० घोडे. मागे 'व्हीआरएस' अशी छोटी अक्षरं होती. माझे सासरे २००१ साली बँकेतून व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, घेऊन बाहेर पडलेले. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, त्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि हळूच विचारलं, "तुमच्याकडेही सुरू झाली का?" मी "बघू" म्हणालो. लोकांचे गैरसमज दूर करायची घाई मला कधीच नव्हती.

खरं तर २३० घोडे पुण्यात कुणाला कमी पडू नयेत. संध्याकाळी कर्वे रोडला तीन पुरतात, तेही आळीपाळीने. पण पौड रोडच्या आतल्या गल्लीत एक गॅरेजवाला आहे. तो एकदा ऑइल बदलता बदलता सहज म्हणाला, "सर, कंपनी यात थोडं राखून ठेवते बरं का." संपलं. आपल्या पैशातलं कुणी काही राखून ठेवलंय म्हटल्यावर ते वसूल केल्याशिवाय पुणेकराला झोप लागत नाही.

इंजिनाला एक कॉम्प्युटर असतो. टर्बोने हवा किती दाबायची, पेट्रोल किती फवारायचं, ठिणगी केव्हा टाकायची, हे सगळं तो ठरवतो. त्याच्या डोक्यातले आकडे बदलले की त्याच इंजिनातून जास्त ताकद निघते. याला रीमॅप म्हणतात. गॅरेजवाल्याने लॅपटॉप जोडला, आमचा चहा झाला आणि माझे २९० घोडे झाले. निदान गॅरेजच्या कागदावर तरी झाले. मग एवढ्या घोड्यांना हवा जास्त लागणार म्हणून मोठा इनटेक आला. आत आलेली हवा बाहेर जायला हवी म्हणून मोठा एक्झॉस्ट, म्हणजे घरच्या भाषेत सायलेन्सर, आला. पळणारी गाडी वळायलाही हवी, म्हणून बसक्या स्प्रिंगा. मानपानासारखं असतं हे. एकीला साडी नेसवली की दुसरीला निदान ब्लाउजपीस तरी द्यावाच लागतो.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असल्या फेरफारांकडे डोळे वटारून बघतं, हे मला माहीत होतं. पण त्याहून मला घरच्या कलमांची भीती जास्त. बायको म्हणाली, "गाडी खचल्यासारखी नाही का वाटत?" मी म्हणालो, "वय झालं तिचं." ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इनटेकमधून 'फुस्स' असा आवाज यायचा. तो मी एसीवर ढकलला. आणि एकूणच गाडी गुरगुरते का, या प्रश्नाला "सायलेन्सर जुना झालाय" हे उत्तर मी तीन वर्षं पुरवलं. वास्तविक अख्ख्या गाडीत सगळ्यात नवा तोच होता. जुना सायलेन्सर आमच्या माळ्यावर, सतरंजीत गुंडाळून, आकाशकंदिलाच्या खोक्यामागे निवांत पडला होता.

असं सगळं सुखाचं चाललेलं असताना मला पंचेचाळिसावं लागलं. त्यावर जास्त लिहीत नाही. कुणाला या वयात मॅरेथॉन सुचते, कुणाला विपश्यना. मला बीएमडब्ल्यूची झेड-४ सुचली.

औंधच्या एका गृहस्थांकडे होती. २०१४ ची, तीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, ३०६ घोडे, बटण दाबलं की वीसेक सेकंदांत पत्र्याचं छत घडी होऊन डिकीत जाऊन बसणारं. सीट दोन. गृहस्थांना नुकतंच दुसरं मूल झालेलं, म्हणजे घरातली माणसं चार. गणित त्यांनाच आधी चुकलं होतं. गॅरेजवाल्याने आमची स्थळं जुळवली: माझी गाडी त्यांना, त्यांची मला, आणि वर मी द्यायचे पैसे. वरचे पैसे किती, ते विचारू नका. एक एफडी मोडली, एवढंच सांगतो. रीमॅप, एक्झॉस्ट, स्प्रिंगा यांचे त्यात किती धरायचे, असं मी विचारलं तेव्हा गॅरेजवाला पहिल्यांदाच माझ्याकडे करुणेने बघत म्हणाला, "सर, ते पैसे गणपतीच्या वर्गणीसारखे असतात. दिले की गेले."

म्हणजे हिशेब असा: मला १६ घोडे जास्त मिळत होते आणि त्या बदल्यात दोन दारं, तीन माणसं आणि, छत उघडलेलं असताना, ४१० लिटर डिकी जात होती. आवळा देऊन कोहळा काढणारे लोक मी पाहिलेत. कोहळा देऊन वर दक्षिणाही देणारा मीच.

ते गृहस्थ सपत्नीक गाडी बघायला आले. बाईंनी बाळाची ढकलगाडी सोबतच आणली होती. ती त्यांनी डिकीत आडवी ठेवली, उभी ठेवली, शेजारी डायपरचा गठ्ठा ठेवून पाहिला आणि मान डोलावली. गृहस्थ सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मला गाडी संपूर्ण स्टॉक हवी. कंपनीतून आली तशी. फॅमिलीसाठी आहे." मी म्हणालो, अगदी बरोबर. मग बाई ढकलगाडीची चाकं दुमडत असताना ते माझ्याजवळ सरकले आणि खालच्या पट्टीत म्हणाले, "काढलेले पार्ट कुठे ठेवणार तुम्ही?" मला वाटलं, कलम ५२ मुळे घाबरले असतील. "माळ्यावर राहतील, काळजी नको," म्हणून मी त्यांना धीर दिला.

गाडी स्टॉक करायची म्हणजे जुना सायलेन्सर खाली काढायचा. शनिवारी बायको बाहेर जाणार होती, ती गेली नाही. मी स्टुलावर उभा, हातात सतरंजीचं ते बोजड गाठोडं, आणि ती खाली दारात.

"हे काय आहे?"

"गाडीचा सायलेन्सर. जुना."

"जुना इथे आहे, तर गाडीला कोणता आहे?"

मी गप्प. तिचा आवाज शांत होता आणि हे लक्षण चांगलं नव्हतं.

"नवा केवढ्याचा?"

मी आकडा सांगितला. खरा नाही, त्याच्या जवळपासचा. ती बराच वेळ सोफ्याकडे बघत राहिली. तो सोफा तीन दिवाळ्या 'या वर्षी जरा हात आखडता आहे' या कारणाने कापडाविना राहिला होता. मग तिने एकेक करून पाढा वाचला. "म्हणजे ती गाडी खचली नव्हती. आणि तो एसी नव्हता." स्टुलावर उभं राहून, दहा-बारा किलोचं लोखंड छातीशी धरून कबुलीजबाब देण्याचा प्रसंग वैऱ्यावर येऊ नये. हात भरून आले होते, पण "जरा धर ना" असं म्हणायचा तो क्षण नव्हता.

मला वाटलं झेड-४ तिथेच बारगळली. पण तिचा निवाडा निराळाच आला. "घे ती. एक तर मुलगी शिकायला बाहेरगावी, माझी ॲक्टिव्हा मला आहे. आणि ती गाडी निदान तोंडावर सांगते की मी पैसे उधळायला आलेय. हिच्यासारखी सोवळ्यात चोरून भजी तर खात नाही ना. अट एकच. त्या गाडीला वरून एक नटसुद्धा लावायचा नाही. आणि आधी सोफा."

सोफा झाला. जुना सायलेन्सर गाडीला गेला, नवा त्याच सतरंजीत गुंडाळून माळ्यावर चढला. संगम पुलाजवळच्या आरटीओत फॉर्म २९ आणि ३० भरले. तेवढं एक काम काहीही गंमत न होता पार पडलं, त्यामुळे त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

आणि मग मी पुण्यात स्पोर्ट्‌स कार चालवू लागलो.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमावलीनुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. म्हणजे हळूहळू चढावा, हळूहळू उतरावा, उशीसारखा. आमच्या गल्लीतल्या गतिरोधकाने रुंदीत काटकसर करून ती सगळी उंचीत घातली आहे. झेड-४ त्यावरून सरळ जात नाही. ती तिरकी न्यावी लागते. आधी उजवं पुढचं चाक, मग डावं, मग श्वास रोखून पोट, मग मागची. तिरकी व्हायला रस्ता लागतो. तो मोकळा झालेला दिसला की तीन स्कूटर त्यात घुसतात, कारण त्यांना वाटतं मी वळतोय. पहिल्याच दिवशी एक रिक्षावाले काका उतरून मदतीला आले. खाली वाकून, गाडीच्या पोटाकडे बघत, हात हलवत म्हणाले, "येऊ द्या... येऊ द्या... अजून बोटभर जागाय... येऊ द्या... लागलं." लागल्याचं मला कळलं होतं. तो आवाज पायातून वर येतो आणि थेट मोडलेल्या एफडीपाशी जाऊन थांबतो.

ऑक्टेव्हियात मला कुणी काही विचारत नसे. आता सिग्नलला काच खाली असली की चौकशी सुरू. तोंडाला ओढणी गुंडाळलेल्या मुली मान वळवून बघतात, त्यांचं काय मत झालं ते ओढणीमुळे कळत नाही. एक आजोबा सायकल टेकवून म्हणाले, "किती देते?" शहरात सहा-सात, मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, आणि एकच शब्द उच्चारला, "लिटरला?" सोसायटीच्या सेक्रेटरींनी तर पार्किंगमध्ये येऊन विचारलं, "दोनच सीट आहेत तर अर्धं पार्किंग भाड्याने द्याल का?" ते गंभीरपणे बोलत होते.

छताची एक गंमत सांगतो. मे महिन्यातली संध्याकाळ, नळ स्टॉपचा सिग्नल, मी छत उघडं टाकून बसलेला. वळवाचे टपोरे थेंब सुरू झाले. सिग्नलवर २५ सेकंद शिल्लक दिसत होते, छताला लागतात वीस. मी बटण दाबलं. डिकी उघडली, छत बाहेर निघालं, आणि सिग्नलजवळच्या मामांनी भर पावसात मशीन बाजूला ठेवून हातानेच आमची बाजू सोडली. आता मी चौकाच्या तोंडाशी, डोक्यावर अर्धवट उचललेलं छत, मागे उघडलेली डिकी, त्यामागे बस, आणि बसमागे पौड फाट्यापर्यंतचं पुणे. मामा जवळ आले, वर पाहिलं, म्हणाले, "मालक, आधी मंडप बांधून घ्या."

आईला तिच्यात एकदाच बसवलं. एरंडवण्यात मुंजीला जायचं होतं. बसताना अंतर थोडं आणि पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण आपल्या बाजूचं, त्यामुळे ती अलगद आत गेली. कमरेपासून पाय सरळ समोर. थोडा वेळ इकडेतिकडे पाहून म्हणाली, "पाटावर बसवलंस. ताट कुठंय?" कार्यालयाच्या दारात उतरताना मात्र गुरुत्वाकर्षण फिरलं. एक पाय बाहेर आला, आई आली नाही. शेवटी मुंजीच्या मुलाचे दोन काका आले, एकाने हात धरले, दुसऱ्याने पाठीला टेकू दिला, आणि सनईच्या सुरांत आई बाहेर आली. परत येताना तिने रिक्षा केली. मी मागून येतोय ना, हे बघायला ती दोनदा मागे वळली. मी गतिरोधकावर तिरका झालो होतो.

तरीही खोटं कशाला बोलू? एका रविवारी पहाटे साडेपाचला ताम्हिणीच्या रस्त्याला लागलो. छत उघडं, मुळशीच्या पाण्यावर धुकं, समोर कुणी नाही. सहा सिलिंडरचा तो एकसंध सूर डोक्यावरच्या झाडांत घुमून परत आला. साधारण अकरा मिनिटं. मग ट्रिपसीट चाललेली मुलं भेटली आणि त्यांनी गाडीसोबत फोटो मागितला.

परवा औंधच्या त्या गृहस्थांचा फोन आला. आवाज अगदी दबका, जिन्यात उभे राहून बोलत असावेत असा.

"गाडी छान आहे तुमची. मिसेस खूश आहेत. डिकी तर काय, विचारू नका." मग जरा थांबले. "तो एक्झॉस्ट अजून माळ्यावर आहे ना?"

"आहे की."

"मी घेतो तो. किंमत तुम्ही म्हणाल ती. गॅरेजवाल्याशी बोलणं झालंय, गुरुवारी दुपारी वेळ आहे त्याला. कंपनी थोडं राखून ठेवते म्हणे त्यात."

मला भडभडून आलं. दीक्षा घेतलेला माणूस आवाजावरून ओळखू येतो. वर्गणी परत मिळण्याचा योगही आयुष्यात असा एखादाच. मी होकार दिला.

"पण एक अडचण आहे," ते आणखी हळू आवाजात म्हणाले. "स्टॉकचा सायलेन्सर निघेल, तो घरी नेता येणार नाही. या नव्या फ्लॅटांना माळेच नसतात हो. तुमच्याकडे जागा आता रिकामीच होईल, नाही का?"

बायकोची भिशी गुरुवारीच असते. मी सतरंजी झटकून ठेवली आहे.