लिफ्टनंतर गाडी दणके देते, स्टेअरिंग भटकतं: तुमच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू पूर्ण वाचला, जॉब कार्ड काढून समोर ठेवलं आणि मग लिहायला बसलो. तुमच्या तक्रारी अशा: २ इंचांची लिफ्ट केल्यापासून (म्हणजे स्प्रिंगा बदलून बॉडी तेवढी उंच केल्यापासून) गाडी दणके देते, वेगात स्टेअरिंग भटकतं, गतिरोधकावरून उतरताना पुढून ‘ठक’ असा आवाज येतो. ५०० किलोमीटरनंतर बोल्ट आवळायला बोलावलं, म्हणजे पहिल्या वेळी ते ढिले सोडले होते, असं तुम्ही लिहिलंय. आणि तुम्ही ४ इंच मागत असताना आम्ही २ इंचांवर अडून बसलो, हाही राग आहे. पैसे परत मागितलेत. पैसे परत करणार नाही, पण गाडी तुम्हाला हवी तशी बसवून द्यायची तयारी आहे. दोन्हीची कारणं सविस्तर देतो, कारण असं काम करून घ्यायच्या विचारात असलेले इतर लोकही हे वाचणार.

पहिल्या तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे: गाडीवर जे वजन यायचं होतं ते आलेलंच नाही. काम ठरवताना आपण अर्धा तास त्याच विषयावर बोललो होतो. पुढे लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढायचं यंत्र), मागे ड्रॉवर, पाण्याची टाकी, टपावर तंबू. पुढच्या ॲक्सलवर (दोन चाकांना जोडणाऱ्या आसावर) साधारण १०० किलो आणि मागे २०० किलो कायमचा भार धरून आपण स्प्रिंगा निवडल्या, आणि तो आकडा जॉब कार्डवर तुमच्या सहीच्या वर लिहिलेला आहे. तुम्ही रिव्ह्यूसोबत टाकलेल्या फोटोत गाडीला कंपनीचाच प्लॅस्टिकचा बंपर दिसतोय आणि मागचा भाग मोकळा आहे. सामान नंतर घ्यायचं ठरवलंत तर त्यात गैर काहीच नाही. फक्त मधल्या काळात गाडी कशी वागेल हे त्या स्प्रिंगाच ठरवणार.

हिशोब करून दाखवतो. तुमच्या पुढच्या स्प्रिंगा ४० न्यूटन प्रति मिलिमीटरच्या आहेत, म्हणजे १ मिलिमीटर दाबायला ४० न्यूटन लागतात. १०० किलोचा भार सुमारे १००० न्यूटन, तो दोन स्प्रिंगांत वाटला की प्रत्येकीवर ५००. म्हणजे तेवढा भार नसेल तर गाडीचं नाक साडेबारा मिलिमीटर जास्त वर राहतं. बंपर आणि विंच चाकांच्याही पुढे लटकतात, त्यामुळे पुढच्या ॲक्सलवर त्यांचा भार स्वतःच्या वजनापेक्षा थोडा जास्तच पडतो. तेव्हा १२ ते १४ मिलिमीटर धरा. मागची बाजू याहून जास्त उचललेली असणार. त्यात भार कमी आणि स्प्रिंग कडक, म्हणून छोट्या खड्ड्यावर ती दबतच नाही आणि दणका थेट तुमच्या पाठीत येतो. तुम्हाला होणारा त्रास अगदी खरा आहे.

आता तो ‘ठक’ आवाज. शॉकअपला (स्प्रिंगेची उसळी शमवणाऱ्या नळकांड्याला) वर दबायला जशी जागा लागते तशीच खाली उघडायलाही लागते. नाक ठरवलेल्या उंचीपेक्षा वर राहिलं की खाली उघडायची जागा तेवढीच कमी होते. गतिरोधकावरून चाक खाली पडतं, शॉकअप पूर्ण ताणला जातो आणि आतून टोकाला आपटतो. हे रोज होत राहिलं तर सील जातं, तेल गळायला लागतं. म्हणून या एका तक्रारीबाबत तरी वेळ घालवू नका अशी कळकळीची विनंती आहे.

स्टेअरिंग भटकण्यामागे कॅस्टर नावाचा कोन आहे. ज्या अक्षाभोवती पुढचं चाक वळतं तो वरून थोडा मागे झुकलेला असतो. त्या झुकावामुळेच गाडी सरळ धरून चालते आणि वळणानंतर स्टेअरिंग आपोआप मधे येतं. तुमच्या गाडीला पुढे सॉलिड ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध आस) आणि त्याला फ्रेमशी जोडणारे दोन लांब दांडे, म्हणजे रेडियस आर्म, आहेत. बॉडी वर गेली की आर्म खाली झुकतात आणि त्यांच्याबरोबर ॲक्सल फिरून कॅस्टर कमी होतो. ९०० मिलिमीटरचा आर्म आणि ५० मिलिमीटर लिफ्ट, म्हणजे ३ अंशांहून थोडा जास्त फरक. तो भरून काढायला आम्ही ऑफसेट बुश (बोल्टचं भोक मध्यापासून सरकवलेले रबरी जोड) बसवले. अलाइनमेंटचा जो छापील कागद तुम्हाला दिला त्यात डावी-उजवीकडचा कॅस्टर कंपनीच्या मर्यादेत आहे, पण ते मोजमाप बंपरच्या जागी वजनाच्या गोण्या ठेवून घेतलं होतं, आणि तसं त्या कागदावरच लिहिलंय. गोण्या उतरल्या, नाक आणखी १२ ते १४ मिलिमीटर वर गेलं, की जवळजवळ १ अंश आणखी जातो. मूळचा कॅस्टरच ३ अंशांच्या आसपास असतो, त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा गेला तर हायवेवर हाताला ते जाणवणारच.

बोल्टचा मुद्दा मला सर्वांत जास्त लागला, कारण तीच गोष्ट आम्ही सर्वांत जपून करतो. रबर बुशची बाहेरची आणि आतली नळी मधल्या रबराला चिकटवलेली असते. बोल्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटमध्ये घट्ट पकडली जाते आणि त्यापुढची सगळी हालचाल रबर पिळूनच होते. गाडी रॅम्पवर उचललेली, चाकं लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण आवळला, तर गाडी खाली उतरताक्षणी प्रत्येक बुश पिळलेल्या अवस्थेत बसतं, राइड कडक होते आणि रबर लवकर फाटतं. म्हणून आमच्याकडे वर फक्त हाताने लागेल इतपत नट लावतो, गाडी चाकांवर उतरवतो, पुढे-मागे ढकलून स्प्रिंगा बसू देतो आणि मग आमच्याकडे काम करणारा मुलगा गाडीखाली झोपून एकेक बोल्ट टॉर्क रेंचने (ठरावीक जोर आला की ‘टक’ वाजणाऱ्या पान्याने) आवळतो. रेंचचा ‘टक’ आला की नट आणि ब्रॅकेटवर पिवळ्या मार्करची एकच सरळ रेघ मारतो. तुमच्या गाडीच्या प्रत्येक जोडावर ती रेघ आहे. टॉर्च घेऊन वाकून बघा. रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट हलला, अखंड असेल तर नाही.

मग ५०० किलोमीटरनंतर पुन्हा कशाला बोलावतो? नवीन जोडांत रंगाचा थर दबतो, पृष्ठभाग एकमेकांवर बसतात, आणि पूर्ण टॉर्कवर आवळलेल्या बोल्टचाही ताण थोडा उतरतो. पाट्यांच्या स्प्रिंगांच्या गाड्यांत त्या पाट्या ॲक्सलला आवळणाऱ्या यू-बोल्टचं तर हे हमखास होतं. सस्पेन्शनच्या कामानंतर ही फेरतपासणी कोणीही जबाबदार माणूस करून घेईलच. आणि कोणी ‘परत यायची गरज नाही’ म्हणालं, तर त्याला कारण जरूर विचारा.

राहिला ४ इंचांचा प्रश्न. तुमची अडचण तुम्ही नेमकी सांगितली होती: नदीपात्रात डिफरन्शियलचं हौसिंग (ॲक्सलवरचा गिअरचा फुगीर डबा) दगडांना लागतं. सॉलिड ॲक्सलच्या गाडीत स्प्रिंग कितीही उंच घाला, हौसिंग जमिनीपासून १ मिलिमीटरही वर जात नाही. ते चाकांच्या मधोमध आहे, ते वर नेतो फक्त मोठा टायर, आणि तोही व्यास जितका वाढेल त्याच्या निम्मंच. लिफ्टने बॉडी वर जाते, बंपर आणि फ्रेमचा मधला भाग अडकत नाही, मोठ्या टायरला हलायला जागा मिळते. तेवढ्यासाठी तुमच्या गाडीला २ इंच पुरेसे आहेत. ४ इंचांना प्रॉपेलर शाफ्टच्या (इंजिनाची ताकद ॲक्सलपर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या) जॉइंटचे कोन वाढून थरथर सुरू होते, ब्रेकचे होस लांब करावे लागतात, पॅनहार्ड रॉडमुळे (ॲक्सलला फ्रेमशी आडवा जोडणाऱ्या दांड्यामुळे) ॲक्सल एका बाजूला सरकतो. हे सगळं पार्ट बदलून सोडवता येतं. गुरुत्वमध्य मात्र पार्ट बदलून खाली येत नाही.

समजा दोन चाकांमधलं अंतर १५०० मिलिमीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ७०० मिलिमीटरवर आहे. आडव्या उतारावर अशी गाडी कागदोपत्री ४७ अंशांना कलंडते. बॉडी १०० मिलिमीटर वर नेली, चाकं आणि ॲक्सल जागीच राहिले म्हणून गुरुत्वमध्य ८० नेच वाढला असं धरलं, तरी तो कोन ४४ वर येतो. प्रत्यक्षात स्प्रिंगा आणि टायर दबून गाडी आणखी झुकते, टपावर तंबू आला की आणखी वाईट. तुमच्या गाडीत मागच्या सीटवर लहान मुलं बसतात हे तुम्हीच बोलला होतात. एवढं ऐकल्यावर ४ इंच बसवून द्यायला माझं मन तयार झालं नाही, आणि आजही होणार नाही.

तुमच्यापुढे आता दोन रस्ते आहेत. बंपर, विंच आणि मागचं सामान पुढच्या काही महिन्यांत येणार असेल तर स्प्रिंगा तशाच ठेवू. आम्ही तोपर्यंत शॉकअपची उघडझाप मोजून देतो आणि त्याप्रमाणे तात्पुरती सोय करतो. सामानाचा बेतच रद्द झाला असेल तर हलक्या भाराच्या स्प्रिंगा घालू. सध्याच्या स्प्रिंगा फार वापरलेल्या नाहीत, त्या परत घेऊ, तुम्ही फक्त किमतीतला फरक द्या. बसवण्याची मजुरी आणि नंतरची अलाइनमेंट आमच्याकडून. एक मात्र लक्षात ठेवा: कडक स्प्रिंग घातल्याने कंपनीने ठरवलेली एकूण वजनाची मर्यादा वाढत नाही. तेव्हा सामान घेताना प्रवाशांसकट बेरीज करूनच घ्या.

गाडी आणाल तेव्हा रोज जेवढं सामान असतं तेवढंच ठेवा, टाकी अर्धी असू द्या आणि टायरचा दाब सकाळी थंड असताना तपासून या. उंची आपण तुमच्यासमोर हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही बाजूंनी मोजू. फरशीपासून मोजली तर टायरच्या हवेचा फरकही त्यात मिसळतो. जॉब कार्डची प्रत तयार ठेवली आहे.