‘साध्या कामाचा बाऊ’ म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची (म्हणजे कोर्टाच्या डिक्रीची) नक्कल, म्हणजे कोर्टाने सही-शिक्क्यानिशी दिलेली प्रत, कशी काढायची, या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: “निकाल ई-कोर्ट्सच्या वेबसाइटवर पाच मिनिटांत डाउनलोड होतो. पहिली प्रत कोर्ट फुकट देतं, हे तुम्ही लपवलंत. साध्या कामाचा बाऊ करून बायकांना घाबरवायचं, म्हणजे वकिलांची दुकानं चालतात.”

फुकट प्रतीचं मान्य. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३(४) नुसार घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची एक प्रत दोन्ही पक्षांना विनामूल्य मिळते. ते लिहायचं राहून गेलं, आता लेखात घातलंय. पण राहिलं म्हणा, ‘लपवलं’ कशाला?

आता ‘बाऊ’. दोन दिवस झाले, हा शब्द डोक्यातून जात नाही. माझा घटस्फोट २००९ साली परस्परसंमतीने झाला. ती फुकटची प्रत घर बदलताना गहाळ झाली. २०१६ मध्ये दुसऱ्या लग्नाची नोंदणी करायला गेले, तर खिडकीतल्या माणसाने माझ्याकडची हुकूमनाम्याची झेरॉक्स हातातही घेतली नाही. “सही-शिक्क्याची नक्कल आणा.”

फाईल केव्हाच रेकॉर्ड रूमला गेलेली. केस नंबर झेरॉक्सवर अर्धा उमटलेला. चार फेऱ्या झाल्या, दर वेळी अर्ध्या दिवसाची रजा. तिसऱ्या फेरीला नक्कल विभागाच्या खिडकीतून कारकुनाने मोठ्याने विचारलं, “घटस्फोटाचंच ना तुमचं?” अख्खी रांग वळून माझ्याकडे बघायला लागली. शेजारच्या म्हातारबाबांनी तेवढी मान खाली घातली. त्या रांगेत तुम्ही उभे राहिला होतात का? नसाल, तर मी बाऊ करते हे तुम्हाला कुणी सांगितलं?

आणि मिळालेली नक्कल कशी असते, तेही ऐका. प्रत्येक पानावर शिक्का. शेवटच्या पानावर ‘खरी नक्कल’, खाली सही, हुद्दा, जांभळा गोल शिक्का. त्याखाली तीन तारखा: अर्ज केल्याची, नक्कल तयार झाल्याची, हातात दिल्याची. या तारखा शोभेच्या नाहीत. १९६३ च्या मुदत कायद्याच्या कलम १२ नुसार नक्कल मिळायला लागलेला वेळ अपिलाच्या मुदतीतून वजा होतो, तो याच तारखांवरून मोजतात. तुमच्या पाच मिनिटांच्या पीडीएफवर यातलं काय असतं? वाचायला ती पुरते, हे मी लेखातच लिहिलंय. तुम्ही तिथवर वाचलेलं दिसत नाही.

वकिलांच्या दुकानांबद्दल बोलण्यासारखं काही नाही. माझ्या नक्कल अर्जावर सही माझीच होती.

बाकी ज्या तिघींनी खाली विचारलंय त्यांना: केस नंबर आणि निकालाची तारीख आधी शोधून ठेवा, न्यायनिर्णय (कारणांसह लिहिलेला निकाल) आणि हुकूमनामा दोन्हींची नक्कल मागा, आणि एकाच अर्जात दोन-दोन प्रती घ्या. काही अडलं तर मला विचारा, मी उत्तर देईन. पुन्हा कुणी ‘बाऊ’ म्हटलं, तरीही देईन.