मांजराच्या तोंडाचा वास आणि माशांवर आलेला आळ

मांजरवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर अधूनमधून डोकं वर काढतो. सार असं: मांजराच्या तोंडाला वास येतो तो मासे खाल्ल्याने, मासे बंद करून कोरडं खाणं द्या, मांजर जेवतंय म्हणजे त्याला दुखत नाही, हिरड्यांना लवंगेचं तेल चोळा, तोंडात काही अडकलं असेल तर ओढून काढा. यातले शेवटचे दोन सल्ले मांजराच्या जिवावर बेतू शकतात.

आधी मासे. बांगडा खाऊन आलेल्या बोक्याने जांभई दिली की बांगड्याचाच वास येणार, आणि तो थोड्या वेळात जाणार. उपाशीपोटीही येणारा, दिवसेंदिवस टिकणारा कुजका वास बहुतेक वेळा दात-हिरड्यांचा असतो. दातांवर जंतूंचा चिकट थर बसतो, लाळेतल्या क्षारांनी तो काही दिवसांतच कडक होतो, हिरडी लाल होऊन सुजते आणि दातापासून सुटू लागते. दुधाचे दात पडताना पिल्लांच्या तोंडालाही थोडा वास येतो. तो आपोआप जातो.

पण सगळंच दातांवर ढकलू नये. म्हातारं मांजर खूप पाणी पितंय, वाळत चाललंय आणि तोंडाला अमोनियासारखा वास येतोय, तर मूत्रपिंडांची शंका घ्यायची आणि रक्त-लघवी तपासायची. नेलपॉलिश रिमूव्हरसारखा गोडसर वास आणि सोबत मरगळ, उलट्या असतील तर मधुमेह हाताबाहेर गेलेला असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. इथे सुरमई बंद करून काय साधणार?

कोरडं खाणं दात घासतं, हा समज तर फारच लाडका. साध्या खाण्याचा दाणा दाताचं टोक लागताच फुटतो, कित्येक दाणे मांजर न चावताच गिळतं. खास दातांसाठी बनवलेले मोठे, तंतुमय दाणे थोडेफार उपयोगी पडतात. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे रोज मऊ ब्रश आणि मांजरांसाठीची पेस्ट. आपली टूथपेस्ट नको, मांजर ती थुंकत नाही.

आता ‘जेवतंय म्हणजे दुखत नाही’. मला सगळ्यात जास्त चीड येते ती याची, कारण याच वाक्यावर मांजरं महिनोन्‌महिने दुखणं काढतात. मांजर वेदना लपवतं आणि भूक लागली की दुखऱ्या तोंडानेही खातं. मांजरांच्या एका सर्रास दिसणाऱ्या आजारात शरीराच्याच पेशी दात पोखरतात. अनेकदा सुरुवात मुळाशी होते, त्यामुळे वरून दात धड दिसतो. भूल देऊन एक्स-रे काढल्यावरच खरा प्रकार कळतो. घरी पाहायचं ते वेगळंच: एकाच बाजूने चावणं, घास तोंडातून पडणं, लाळ गळणं, अंग चाटायचं सोडून देणं, भांड्यापाशी धावत येऊन मागे फिरणं.

काहींचं तर घशापर्यंत तोंड लालभडक होतं, हात लावू देत नाहीत. त्यावर दाढा, कधी सगळेच दात काढावे लागतात. ऐकून पालक हादरतात, ‘मग खाणार काय?’ बहुतेक मांजरं त्यानंतर पहिल्यापेक्षा बरी जेवतात.

लवंगेच्या तेलातलं युजेनॉल निकामी करून बाहेर टाकायची ताकद मांजराच्या यकृतात फार तोकडी असते. आपल्याला दाढदुखीवर चालतं ते त्याला विष ठरू शकतं. पॅरासिटामॉलचं तेच: माणसाची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. ‘थोडीशीच दिली’ असं म्हणून ती देऊ नका.

राहिलं ओढून काढणं. शिवणाचा दोरा किंवा मांजा बऱ्याचदा जिभेखाली गुंततो आणि त्याचं दुसरं टोक आतड्यात पोचलेलं असतं. तो खेचला तर आतडं चिरलं जाऊ शकतं. दोरा दिसला तर ओढायचा नाही, कापायचा नाही, खायला काही द्यायचं नाही. मांजर टोपलीत घालून तडक व्हेटकडे न्यायचं.